खाटेखालची शेगडी

डिंगोऱ्यातली ती दुपार निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. नव्वदच्या दशकातला कडाक्याचा हिवाळा होता. मी तेव्हा जुन्नर तालुक्यात फौजदार होतो. ठाण्यात निनावी फोन आला.

"सायेब, सुनेला इख घातलंय. दुसरीबी पोरगीच झाली न्हवं! लवकर या, न्हाईतर जाळून मोकळी व्हतील."

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. अंत्यविधी थांबवला. लग्नाला सात वर्षं झालेली नसल्यामुळे तहसीलदारांसमोर पंचनामा केला आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. अंगावर खरचटल्याचीही खूण नव्हती. तान्ही मुलगी मात्र ठणठणीत होती. आई गेली तेव्हा ती सासूजवळ स्वयंपाकघरात होती. गावाला तेवढा पुरावा पुरला.

सासूला ठाण्यात बोलावलं. सोबत महिला शिपाई बसवली. नवऱ्याचा जबाब वेगळा घेतला. तो सकाळपासून शेतावर होता.

"मावशी, नेमकं त्याच वेळी पोरीला बाहेर का नेलं?"

"रडत व्हती. म्हणलं, सूनबाईला जरा झोपू द्यावं. ओली बाळंतीण ती."

"खिडकीला पोतं का ठोकलं?"

"वारं बाधतं, सायेब. आंघूळ घातली, खाटेखाली कोळशाची शेगडी ठिवली, दार लावून घेतलं. माझ्या आईनं आमाला असाच शेक दिला."

"मग तुम्हाला काही झालं नाही, ते कसं?"

ती गोंधळली, मग म्हणाली, 

"आमची घरं कौलाची व्हती. ही खोली अवंदा बांधली, सलॅपची. चांगली म्हणून तिलाच दिली."

खोली पुन्हा पाहिली. वर स्लॅब, खिडकीला पोतं, दाराच्या फटीत चिंध्या. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती. डॉक्टरांनाही प्रेताचा गुलाबी रंग खटकला होता. पुढे प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं. विष नव्हतंच. कोंडलेल्या निखाऱ्यांचा वायू होता, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. झोपलेलं माणूस जागंही होत नाही.

अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाले. मेलेल्या सुनेच्या वडिलांना समोर बसवून मी सगळं समजावलं. ते उठले आणि म्हणाले, "मॅनेज झालात तुमी." दोन्ही नाती त्यांनी नेल्या. त्यांना या आजीला पुन्हा भेटू दिलं नाही.

काही वर्षांनी यात्रेच्या बंदोबस्ताला त्याच गावी गेलो. त्याच आळीत एका घरी चहाला बसवलं. आत बाळंतीण होती. खोली स्लॅबची, खिडकी बंद, खाटेखाली शेगडी. मी उठून खिडकी उघडली आणि शेगडी अंगणात ठेवायला लावली.

घरची बाई हसली. "सायेब, आमी काय त्या म्हातारीवानी सुनेला मारणार हाय का?"

एवढा तपास केला, त्यातून गावाने फक्त आरोपी लक्षात ठेवला.

परवा जावयाने विचारलं, "बाबा, बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, पण तो वायू ओळखणारा अलार्म घरात खरंच लागतो का?" मी म्हटलं, आधी गीझर बाहेर काढ, झरोका मोकळा ठेव. आणि अलार्मही लाव. कुणी मेल्यावर माणसं ओरडतात आणि ओरडताना कुणाचं तरी नाव घेतात. ते यंत्र आधी ओरडेल आणि नाव कुणाचंच घेणार नाही.