तिसऱ्या गिअरवरचा चढ

झोपायचं नाही असं ठरवूनच मी ताईच्या माजघरात खाटेवर आडवा झालोय. भिंतीकडं पाय, दाराकडं डोकं. जेवण अंगावर आलंय. परसात बायका भांडी घासतायत, त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येतंय, आणि माझ्या पापण्या मिटतायत.

आज दाजींचं वर्षश्राद्ध आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनताईचे मालक. हिंदुराव मिस्त्री म्हटलं की पाटण खोऱ्यात कुणालाही कळायचं. स्टँडच्या मागं त्यांचं गॅरेज होतं. कसल्याही जुन्या जीपचं इंजिन ते नुसतं ऐकून सांगायचे, कुठं दुखतंय. मला गाडी त्यांनीच शिकवली.

मघाशी पंगतीत त्यांचे चुलते म्हणाले, "दुनियेच्या गाड्या नीट केल्या हिंदुरावानं. आन् सोताच्या हातानं बसवलेला ब्रेक मातुर दगा देऊन गेला."

ताई भात वाढत होती. तिनं मान वर केली नाही. मीही केली नाही. पुढ्यातला घास गिळला.

कारण ब्रेकनं दगा दिला, हे सगळ्यांना सांगितलं कुणी? मी.

छतावरचा पंखा घरघरतोय. ती घरघर हळूहळू जाड होते, खालच्या पट्टीत जाते. डिझेलचा वास येतो. पाठीखालची गादी उभी राहते आणि सीट होते. माझ्या हातात स्टिअरिंग आहे.

"पाव्हणं, डुलकी लागली का काय?"

दाजी डाव्या बाजूला बसलेत. अंगात खाकी शर्ट, बाहीला ग्रीस. ते मला कायम पाव्हणं म्हणायचे, मी शाळेत असल्यापासून. ते गेलेत हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांना मीच खांदा दिला होता. तरी मी म्हणतो, "नाही दाजी, जागा आहे."

"मग समोर बघ. चढ आला."

समोर कुंभार्ली घाट आहे. भर दुपारचं ऊन, डांबर चकाकतंय. मागं चिपळूणहून भरलेली कौलं खडखडतायत, ताईच्या गोठ्यासाठी घेतलेली. हा तोच दिवस आहे. मला उतरायचंय, पण माझ्या बाजूला दरवाजा नाही. दरवाजाच्या जागी ताईच्या माजघराची निळी भिंत आहे, आणि ती गाडीबरोबर चाललीय.

"कितव्यात हायस?" दाजी विचारतात.

"तिसऱ्यात."

"ऐक जरा. काय म्हणतंय इंजिन?"

मी ऐकतो. इंजिनाचा सूर बसत चाललाय. मी गिअरचा दांडा घट्ट धरतो. मला शिकवताना दाजी नेहमी सांगायचे. पळायची ताकद वेगळी आणि ओढायची वेगळी. पुस्तकात तिला टॉर्क म्हणतात, ते नुसतं 'ओढ' म्हणायचे. डिझेलची ओढ एका ठरावीक फिरण्यात असते. इंजिन त्याच्या खाली उतरलं की वर कितीही पाय दाबा, ते नुसतं गुदमरतं. म्हणून वळणाच्या आधी, गाडीला वेग असतानाच, खालचा गिअर टाकायचा. इंजिनाला फिरू द्यायचं. फिरलं तरच ते ओढणार.

"दम लागलाय त्याला," मी म्हणतो.

"मग दुसरा टाक."

त्या दिवशीही ते हेच म्हणाले होते, याच आवाजात, याच वळणाच्या अलीकडं. आणि मी हसून म्हणालो होतो, "निघंल तिसऱ्यावर. तुमच्या काळातल्या गाड्या वेगळ्या होत्या." पुढं एक ट्रॅव्हल्सची बस चालली होती. मला ती वळणावर गाठायची होती. दाजींच्या शेजारी बसून मला दाखवायचं होतं, की आता मलाही येतं.

आता मी ते म्हणणार नाही. मी डाव्या हातानं दांडा ओढून दुसरा टाकणार. पण हात हलत नाही. दांड्याला चिकटून बसलाय. माझं तोंड आपोआप उघडतं आणि माझाच आवाज म्हणतो, "निघंल तिसऱ्यावर."

"न्हाई निघायचा," दाजी शांतपणे म्हणतात. "तवाबी निघाला न्हवता."

घाट अरुंद होतो. कठड्यावर ताईच्या स्वयंपाकघरातली भांडी ओळीनं मांडलीत, पितळी डबे, तांबे. दोन डब्यांच्या मधून दरी दिसते. वळण येतं आणि ते वळण दवाखान्याचा बोळ आहे. दोन्हीकडं हिरव्या रंगाच्या भिंती, फिनेलचा वास, आणि मधून ही जीप चढतेय, कारण बोळालाही चढ आहे. एका बाकावर फौजदार बसलेत. त्या दिवशी यांनीच माझा जबाब घेतला होता. ते वर न बघता विचारतात, "ब्रेक लागला नाही, असंच ना?"

"हो," माझं तोंड म्हणतं.

"सही करा."

दाजी माझ्याकडं बघतायत. रागानं नाही. गाडी खोलण्याआधी ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, तसं बघतायत. त्यांनी रागवावं असं मला वाटतं. ते रागावत नाहीत, त्याचीच भीती वाटते.

पुन्हा ऊन. पुन्हा घाट. इंजिन आता धापा टाकतंय, सगळी गाडी गचके खातेय. मी पाय दाबतो. काही होत नाही.

"पाय दाबून काय हुनार, पाव्हणं? त्याला फिरायलाच जागा न्हाई."

मी क्लच दाबतो, दांडा ओढतो. कर्रर आवाज येतो आणि गिअर मधेच अडकतो, धड तिसऱ्यात नाही, धड दुसऱ्यात नाही. इंजिन एकदा हुंदका देतं आणि बंद पडतं.

इतकी शांतता होते की कौलांमधून वारा गेलेला ऐकू येतो.

मग गाडी मागं यायला लागते.

मी आरशात बघतो. मागं रस्ता नाही. मागं पंगत बसलीय. आज जेवायला आलेली सगळी माणसं डांबरावर मांडी घालून बसलीत, पुढ्यात पत्रावळी, आणि आमच्याकडं पाठ करून शालनताई वाकून भात वाढतेय. गाडी तिच्याकडं चाललीय. कुणी वर बघत नाही.

"ताई!" मी ओरडतो. "ताई, बाजूला हो!"

तिला ऐकू जात नाही. ती पुढच्या पानाकडं सरकते.

हँडब्रेक ओढतो. तो जुना, चढाला कधीच धरत नसे. आताही धरत नाही. मी उजवा पाय ब्रेकवर मारतो आणि पाय खाली जातो. आणखी खाली. तिथं पेडलच नाही. एक मोकळी जागा आहे आणि तिच्यातून मागं-मागं जाणारं डांबर दिसतंय.

"दाजी, ब्रेक कुठाय?"

"न्हाई."

"तुम्ही तर नवा बसवला होता! दोन दिवस आधी. मी बघितलं होतं!"

"बसवला हुता," दाजी म्हणतात. "तू म्हणलास न्हवता लागला. समद्यांनी ऐकलं. मग ऱ्हाईल कसा त्यो हितं?"

ते आपल्या बाजूच्या दाराकडं वळतात. एक पाय बाहेर काढतात. हे मी एकदा पाहिलंय. पुढं काय होतं ते मला माहीत आहे. ते उडी मारणार, रस्त्याकडंचा दगड उचलणार, मागच्या चाकाखाली अडसर म्हणून उटी लावायला धावणार. आणि गाडी कठड्याला जाऊन भिडेल तेव्हा मधे ते असतील.

मी त्यांचा शर्ट धरतो. कापड हाताला ओलं लागतं.

"उतरू नका. दाजी, पाया पडतो, उतरू नका."

"मग कोण उतरंल? मागं शालन हाय."

"मी उतरतो!"

"तुझ्या बाजूला दार न्हाई, पाव्हणं."

निळी भिंत माझ्या खांद्याला घासतेय. आरशात ताई मोठी होत चाललीय. तिच्या लुगड्याचे काठ दिसतात, तिच्या हातातला भाताचा डाव दिसतो. दाजींचा दुसरा पायही बाहेर गेलाय.

"कसा थांबवू? सांगा ना!"

पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलतो. गॅरेजमध्ये मी चुकीचा पाना उचलला की ते जसं दरडावायचे तसा. "काय झालं हुतं ते बोल! ब्रेक गेला हुता का?"

"न्हाई!"

"मग?"

"माझा पाय... माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही! घाबरून ॲक्सिलरेटरवरच राहिला! ब्रेक नवा होता, धड होता, मी दाबलाच नाही! तिसऱ्यात होतो मी, तुम्ही सांगितलं तरी तिसऱ्यात होतो! ताई, ब्रेक गेला नव्हता! त्यांचं काही चुकलं नव्हतं!"

पायाखाली काहीतरी कठीण लागतं. मी सगळं बळ एकवटून दाबतो. गुडघा कडकड वाजतो, मांडीत गोळा येतो, तरी दाबत राहतो. कर्कश घासल्याचा आवाज होतो. ताईची पाठ आरशात आता इतकी जवळ आहे की पदराची वीण दिसते.

गाडी थांबते.

मी डावीकडं बघतो. सीट रिकामी आहे.

मी जागा आहे. घामानं शर्ट अंगाला चिकटलाय. पंखा फिरतोय. माझा उजवा पाय ताठ, टाच भिंतीला रुतलेली. खाट भिंतीपासून हातभर मागं सरकलीय. लोखंडी पायांनी शहाबादी फरशीवर दोन लांब पांढरे ओरखडे काढलेत.

बाहेर भांड्यांचा आवाज थांबलाय.

दारात शालनताई उभी आहे. हाताला राख तशीच. तिच्या मागं दोघीतिघी बायका आहेत, ती न वळताच त्यांना म्हणते, "तुमी जावा तिकडं." त्या जातात. ती आत येते आणि दार लोटून घेते.

"काय वरडलास तू आत्ता?"

स्वप्न पडलं, असं म्हणता येईल. माझ्या तोंडाशी ते आलेलं असतं. वर्षभर असंच काही ना काही तोंडाशी आलं आणि मी ते बोलून मोकळा झालो. फौजदारांना बोललो, आईला बोललो, गॅरेजात गाड्या न्यायला आलेल्या लोकांना बोललो. एकेक करून ते आपल्या गाड्या घेऊन गेले. ताईनं गॅरेजला कुलूप लावलं तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो.

"ब्रेक गेला नव्हता, ताई," मी म्हणतो.

मग सगळं सांगतो. तिसरा गिअर, पुढची बस, दाजींनी दोनदा बजावलेलं, मधेच अडकलेला दांडा. पाय कुठं होता ते. गाडी कठड्यावर आपटून मागचं चाक निखळलं, ब्रेकची नळी तुटली, त्यामुळं ब्रेक तपासायला काही उरलं नाही, आणि कुणीतरी विचारलं 'ब्रेक लागला न्हाई व्हय?' तेव्हा मी मान हलवली, ते. पहिल्यांदा नुसती मान हलवली होती. बोलावं नंतर लागलं.

ती उभ्यानं ऐकते. मला वाटतं ती मारेल. मारलं तर बरं होईल. ती खाटेच्या कडेला बसते, राखेचे हात मांडीवर उताणे ठेवून.

मग तिचा आवाज निघतो तो ओळखू येत नाही.

"वरीसभर मी त्यास्नी शिव्या दिल्या रं. रोज. दिवा लावताना. म्हणायची, समद्यांचं बघितलंत आन् सोताच्या गाडीत कसं चुकलात? माझा तरी इचार करायचा व्हता."

"आज पान वाढतानाबी मनात तेच व्हतं," ती म्हणते.

मी तिच्या पायाला हात लावायला वाकतो. ती पाय मागं घेते.

"माझ्या पाया पडून भागायचं न्हाई." ती उठते, दार उघडते. पडवीत माणसं अजून बसलीत. चुलते सुपारी कातरतायत. "भाईर चल. आत्ता. हितं मला सांगितलंस तसंच समद्यांना सांग. त्यांचं नाव घिऊन सांग."

मी उठतो. भिंतीवर, जिथं टाच होती, तिथला निळा चुना निघालाय आणि आतली माती दिसतेय. उंबऱ्याशी ताई थांबून खाली बघते, म्हणून मीही बघतो. खाटेपासून दारापर्यंत काळ्या फरशीवर माझी निळसर पावलं उमटलीत, फक्त उजव्या पायाची.

ती पदरानं डोळे पुसते आणि मला पुढं जायला वाट देते.