कुठले किम?

किम सरांना खोकल्याची उबळ ठरावीक वेळीच येई. एखादा कोरियन माणूस भेटला, नमस्कार-चमत्कार झाले आणि त्याने हसून "आपण कुठले किम?" असं विचारलं, म्हणजे मूळ गाव-घराणं विचारलं, की सर खोकू लागत. पाणी येईपर्यंत विषय बदललेला असे. मला हे पहिल्याच भेटीत कळलं, कारण ओटाव्यातल्या मराठी घरांत "आडनाव काय म्हणालात?" असं आलं, की मलाही नेमकं तेव्हाच वॉशरूमला जायचं असतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक!

ओटाव्याच्या कनाटा भागात ते माझे शेजारी होते. विद्यापीठात कोरियाचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी दूर ब्रॉसार्ड गावी. त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करायची आणि ते मला सातूचा चहा पाजायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले. इतका विद्वान आणि इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा ओतण्याआधी उठून खिडकी लावत, ऐन जुलैतसुद्धा. म्हणत, "दिवसाचं बोलणं पाखरं ऐकतात, रात्रीचं उंदीर."

"सर, कॅनडातल्या पाखरांना कोरियन येत नाही," मी चिडवायची.

"उंदरांना येतं," ते म्हणायचे आणि हसायचे नाहीत.

खिडकी लागली की ते जुन्या खेड्यांबद्दल बोलत. तिथे यांगबान लोकांचा अंमल असे. राजाचा अधिकारी लांब, पण हे पोथ्या वाचणारे जमीनदार अगदी दाराशी. गावाचे नियम त्यांनीच केलेले. थोरांचा मान राखा, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जा, वाईट वागणाऱ्याला समज द्या. "सुंदर नियम आहेत," सर म्हणत. "अर्धं आयुष्य मी त्यांच्यावर लेक्चर्स दिली. फक्त समज कोण कोणाला देणार, एवढंच विचारायचं नाही." मान राखायला चुकलेल्याला चटईत गुंडाळून झोडपत, पोर चुकलं तर घरच्या म्हाताऱ्याला, नाहीतर वाळीत टाकत. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या पणजोबांना गावाने पाणी तोडलं होतं, ती हकीकत मी सांगितली, तेव्हा सरांनी उठून कडी पुन्हा तपासली.

आणि मग स्वतःची सांगितली. त्यांचे आजोबा अशाच एका किम घराण्यात गुलाम म्हणून जन्मले. पुढे कायद्याने गुलामी गेली, आडनाव मात्र मालकाचंच लागलं. पिकल्या केसांच्या आजोबांना मालकाची शेंबडी पोरं अरे-तुरे करत आणि आजोबा वाकून 'जी' म्हणत. "आमच्या भाषेत मान वाक्याच्या शेपटीत असतो," सर म्हणाले. "शेवटी 'यो' आला, तर समोरचा तुम्हाला माणूस धरतो. आजोबांच्या वाट्याला तो कधी आला नाही."

गेल्या ऑक्टोबरात कोरियन ज्येष्ठांच्या मंडळाने सरांचं भाषण ठेवलं, विषय तेच गावाचे नियम. मग कळलं की त्याच किम घराण्यातले एक नव्वदीचे गृहस्थ मुलाकडे राहायला आलेत आणि ते भाषणाला येणार आहेत. सरांचं अन्न तुटलं.

"कॅन्सल करा ना, सर."

"केलं तर का केलं, हे विचारतील. विचारणारे ते शेवटचे उरलेत, वैशाली. सांगणारा मी पण शेवटचाच."

मीच त्यांना गाडीतून घेऊन गेले. माझ्या शेजारी बसलेल्या कोरियन बाई हळू आवाजात मला इंग्रजीत सांगत होत्या. भाषण नीट पार पडलं. मग ते गृहस्थ काठी टेकत उठले. रुबाबदार, मृदू आवाज. वाक्याच्या शेवटी 'यो' स्पष्ट ऐकू आला. "विचारतायत, आपण कुठले किम," बाई म्हणाल्या.

सरांनी टेबलाची कड धरली. गावाचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं. मग गृहस्थांकडे पाहून आणखी एक वाक्य बोलले. मी बाईंचा हात दाबला, तेव्हा त्या कुजबुजल्या, "म्हणाले, तुमच्या घरचे गुलाम."

गृहस्थ दोनच शब्द बोलले. 'यो' नव्हता.

"काय म्हणाले?"

"बस खाली," बाई म्हणाल्या.

सर बसले नाहीत. त्यांनीही दोनच शब्द उच्चारले. त्यातही 'यो' नव्हता. बाईंनी तोंडावर हात नेला. "'तू बस,' म्हणाले."

कोणी टाळी वाजवली नाही. लोक खाली मान घालून कोट शोधू लागले. मी सरांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. गाडीत त्यांना सीटबेल्ट लावता येईना, तो मी लावला. दारं लॉक आहेत ना, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं.

"सर, आता कसली भीती? बोलून झालं की."

"मी बोललो खरं," ते काचेबाहेर बघत म्हणाले, "पण आता ते आजोबांना मारतील."