फळीवरचं ताट

मोटार सुटायची वेळ झाली आणि वच्छे, तू माझं ताट घेऊन पळालीस. आठवतं का? वरूडच्या मोटारस्टँडवर बायका पदर सावरून रडायच्या तयारीत उभ्या होत्या, तुझे भाऊजी छपरावर ट्रंक चढवत होते, आणि तू आठ वर्षांची पोर, रुखवतातलं पितळेचं ताट छातीशी धरून संत्र्यांच्या रिकाम्या करंड्यांमागे जाऊन बसलीस. बाबांनी तुला शोधून काढलं तेव्हा तू हातपाय झाडत ओरडत होतीस, "ताट इथं राहिलं तं ताई जेवाले वापस येईन!" सगळा स्टँड हसला. रडायला जमलेल्या बायकांची पंचाईत झाली. मायनं ताट तुझ्या हातातून सोडवलं, पदरानं पुसलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "नाव टाकलं हाये त्याच्यावर. जपून वापरजो," एवढंच म्हणाली.

अमरावतीपर्यंत मोटार, तिथून बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी. वाटभर मी ताटाच्या काठावर बोट फिरवत होते. छिन्नीनं टिंब टिंब करून ‘शांता’ लिहिलेलं, त्यातला ‘त’ जरा वाकडा. वैशाखाचं ऊन, शेजारी ओळखीपाळखीचा नसलेला नवरा, आणि मांडीवर स्वतःचं नाव. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात भिलाईहून तुझं पत्र आलं. ‘ताई, तुला अकोला आपलं कधी वाटायला लागलं?’ असं तू विचारलं आहेस. तुझं लग्न होऊन तीन महिने झाले, तू भिलाईच्या क्वार्टरमध्ये बसून वरूडसाठी डोळे गाळतेस हे मला अक्षरावरून कळलं, कारण दोन ठिकाणी शाई पसरली आहे. उत्तर पोस्टकार्डात मावत नाही, म्हणून आज वही फाडून बसले.

अकोल्याच्या घरात आम्ही चारजण. मामंजी, त्यांचं भाजीबाजारात दुकान. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. हे, कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर कारकून. आणि मी. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी माझं ताट हातात घेतलं, वजन करून पाहिल्यासारखं खालीवर केलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. "पाव्हन्याले होईन," म्हणाल्या.

त्या घरात रीत आपल्यासारखीच. आधी पुरुष जेवायचे. त्यांचं झालं की मामंजींच्या ताटात आत्याबाई आणि ह्यांच्या ताटात मी. आपली मायही बाबांच्याच ताटात जेवत आली, तेव्हा मला काही वावगं वाटलं असं म्हणणार नाही. फक्त एक अडचण होती. ह्यांना कारलं आवडत नाही आणि आत्याबाईंना हे ठाऊक नव्हतं, कारण हे आईपुढे कधी बोलले नाहीत. कारलं गुपचूप ताटाच्या कडेला सारून ठेवायचे. ताटात राहिलेलं आधी संपवायचं, मग आपलं वाढून घ्यायचं. मामंजी रोज दुकानातलं उरलेलं कारलं घरी आणायचे. त्या दोन महिन्यांत मी इतकं कारलं खाल्लं की नवऱ्याबद्दल माझं मत फार काही गोड राहिलं नव्हतं.

आषाढात ताप आला. सत्तावन्न सालचा तो ताप तुला आठवत असेल, वरूडलाही शाळा बंद होत्या. कोणी फ्लू म्हणे, कोणी नुसताच मोठा ताप. अकोल्यात घराघरांत एक तरी अंथरूण पडलेलं होतं. आमच्याकडे आधी हे आडवे झाले, दोन दिवसांत मामंजी. हे चौथ्या दिवशी उठून बसले, पण मामंजींचं अंग उतरेना. मागच्या आळीतले एक म्हातारबाबा गेले त्या दिवशी आत्याबाई मामंजींच्या उशाशी बसून नुसत्या ओली पट्टी बदलत राहिल्या. मला फार भीती वाटली होती.

त्याच दिवशी दुपारी दवाखान्यातले कंपाउंडर आले. तोंडाला रुमाल, काखेत छत्री, हातात औषधाची बाटली. औषध देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," आत्याबाई म्हणाल्या.

"ताटं किती?"

"दोन."

कंपाउंडरनी रुमाल खाली ओढला. "बाकीची दोन माणसं जेवत नाहीत का?"

"जेवतात न. त्याच ताटात, मांगून."

"अहो बाई, मग ताप या ताटातून त्या पोटात! आजपासून ज्याचं त्याचं ताट, ज्याचा त्याचा गिलास. पाणी उकळून. खोकताना तोंडावर कापड. आणि जेवण गरमच खायचं, सगळ्यांनी. थंड झालेलं कोणी खायचं नाही."

ते गेले तशी मी पाट घेतला, त्यावर चढले आणि फळीवरून माझं ताट काढलं. खाली आत्याबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"माहं बी काढ," त्या म्हणाल्या.

"तुमचं?"

"कोंड्याच्या डब्यामांगं पाह्य."

डब्यामागे एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं ताट होतं. काळंमिट्ट. चिंच आणि राख लावून मी ते घासलं तेव्हा काठावर टिंबं वर आली.

"काय लिवलं हाये व त्याच्यावर?" आत्याबाईंना वाचता येत नव्हतं.

"जनाबाई."

वच्छे, त्या घरात जाऊन मला दोन महिने झाले होते आणि सासूचं नाव मला त्या ताटावरून कळलं. मामंजी त्यांना ‘अवो’ म्हणत, शेजारणी ‘अमक्याची माय’ म्हणत, आणि तो अमका म्हणजे आमचे हे, त्यामुळे ते नावही मला घेता येत नव्हतं. आत्याबाईंनी टिंबांवरून बोट फिरवलं, अगदी मी मोटारीत फिरवलं होतं तसं. "माह्या बापानं बाळापुरातून नाव टाकून आनलं होतं. तीस वर्सं झाली," म्हणाल्या. मग लगेच आवाज चढवून, "आता पाहत काय राहिली? पानी उकळाले ठेव."

दोन दिवसांनी मामंजींनी डोळे उघडून ठेचा मागितला. तापातून उठलेला माणूस ठेचा मागतो म्हणून हे हसायला लागले, आत्याबाई हसता हसता रडल्या, आणि मी ठेच्याऐवजी पेज दिली तर मामंजींनी तोंड फिरवलं. ते लवकर बरे होणार हे तेव्हाच कळलं.

ते पाटावर बसू लागले त्या दिवशी स्वयंपाकघरात पहिल्यांदा चार ताटं एका ओळीत मांडली. सगळ्यांनी गरम खायचं म्हणजे सगळ्यांनी एकदम बसायचं, दुसरा उपाय नव्हता. आत्याबाईंनी भाकऱ्या टोपलीत फडक्याखाली ठेवल्या आणि मान खाली घालून बसल्या. पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"गरम हाये व," त्या म्हणाल्या, जणू माझी तक्रारच करत होत्या. मग मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या. आणि ह्यांच्या ताटातलं कारलं ह्यांच्याच ताटात राहिलं, ते आत्याबाईंना दिसलं. "कडू लागते तं सांगतलं काहून नाई इतके दिवस?" त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे बघू लागले. मी भाकरीकडे बघत होते.

पोळ्याच्या सुमारास गावातला ताप ओसरला. मामंजी दुकानात जायला लागले, आणि एका दुपारी जेवताना म्हणाले, "आता ताप गेला. कायले इतके ताटं घासता? जुन्यापरमानं करा."

माझा घास हातातच राहिला. मी नवी सून. एक शब्द बोलायची सोय नव्हती, आणि मला ते ताट परत फळीवर जाऊ द्यायचं नव्हतं. गरम भाकरीची चव एकदा कळली होती. आपल्या भुकेनं आपल्याला हवं तेवढं वाढून घ्यायचं सुख कळलं होतं. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी मान वर केली नाही.

"गेला कुठं?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मूर्तिजापुरात हाये न अजून."

"तुले कोनं सांगतलं?"

"लोक म्हनून राहिले."

मामंजी पुन्हा जेवायला लागले. मूर्तिजापूर काही लांब नाही. दसऱ्याला त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा ताप बाळापुरात होता. संक्रांतीला कारंज्यात होता. आत्याबाईंच्या तोंडून मी अख्ख्या वऱ्हाडचा भूगोल शिकले. भांडी घासताना मी एकदा त्यांच्याकडे पाहून हसले, तर म्हणाल्या, "दात काहून काढतं? कल्हई नीट पाह्य." पण त्याही हसत होत्या.

मामंजी बाजारातला माणूस, असे सहज हार जाणारे नव्हते. एक दिवस ते चक्क कंपाउंडरनाच साक्षीदार म्हणून घेऊन आले. "सांगा हिले," म्हणाले.

"बाई, साथ केव्हाच संपली," कंपाउंडर म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांना उकळून गार केलेलं पाणी दिलं, पाहुण्याच्या वेगळ्या गिलासात. "मंग एक करा भाऊ. पुन्हा येनार नाई म्हून लिहून द्या."

कंपाउंडरनी पाणी पिऊन गिलास खाली ठेवला. "तसं कसं लिहून देता येईल?"

"मंग झालं तं."

मामंजी आधी त्यांच्याकडे, मग आत्याबाईंकडे बघत राहिले आणि इतके हसले की खोकला आला. खोकताना त्यांनी सवयीनं दुपट्टा तोंडावर धरला, तशी आत्याबाईंनी बोट दाखवलं, "पाहा! तुमाले बी मालूम हाये!" दुसऱ्या दिवसापासून चारही पाट मामंजी स्वतः मांडू लागले. बारा वर्षं झाली, अजून तेच मांडतात.

मधे पहिल्या दिवाळीला मी वरूडला आले होते. बाबा जेवून उठले आणि माय त्यांच्या ताटाशी बसली. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट, पण त्या दिवशी मला बघवेना. मी मायला अकोल्याचं सगळं सांगितलं. ती हसत सुटली. "मले नाई जमत बाप्पा तसं. तुये बाबा काय म्हनतीन?" मी चिडून अंगणात जाऊन बसले, आणि मायनं थंड भाकरी खाल्ली.

पुढच्या वर्षी माझं बाळंतपण वरूडला झालं. अकोल्याहून निघताना आत्याबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "तुया मायचं नाव काय व?" मी सांगितलं आणि विसरले. बारशाला त्या आल्या, तेव्हा मामंजींच्या दुकानातल्या भाजीबरोबर एक पिशवी त्यांनी कोणाच्या हातात दिली नाही. बारशाची पंगत उठली, घरचेच राहिले. बाबा जेवून हात धुवायला उठले, माय सवयीनं त्यांच्या ताटाकडे वळली.

"इहीनबाई, थांबा," आत्याबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी नवं कोरं ताट काढलं आणि मायच्या पुढ्यात ठेवलं. मग बाबांकडे न बघता, पदर नीट घेऊन, भिंतीला सांगावं तसं बोलल्या, "अकोल्यात ताप हाये. मी तिथून आली. घरात लहान लेकरू हाये. आता इथं ज्याचं त्याचं ताट पाह्यजे."

माय घाबरून बाबांकडे बघू लागली. तू माझ्या शेजारी होतीस, वच्छे, माझा हात घट्ट धरून. बाबा ओल्या हातानं ताटाजवळ आले. वाकून त्यांनी काठावरची टिंबं वाचली.

"यमुना," ते म्हणाले.

बाबांच्या तोंडून मायचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मायनं तोंडावर पदर घेतला. टोपलीवरचं फडकं बाबांनीच बाजूला केलं. "वाढून घे मंग," म्हणाले. "गरम हाये तोवर."

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अकोला मला आपलं केव्हा वाटलं, तर बारसं करून मी लेकीला घेऊन परतले त्या दिवशी. दारात भाकरतुकडा ओवाळून झाला, मी आत गेले, तर माझं ताट ओळीत मांडलेलं होतं. सहा महिने मी नव्हते आणि आत्याबाईंनी ते फळीवर ठेवलं नव्हतं, रोज घासून खालीच ठेवलं होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "चढाले पाय दुखतात माहे." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि मी पडले. त्यांनी मला दूर ढकललं, पण लगेच नाही.

आणि वरूड परकं झालं का? नाही ग. तुझ्या लग्नाला आले तेव्हा मायच्या भिंतीला चार ताटं पाहिली. बाबांचं, मायचं, तुझं, आणि एकावर ‘शांता’. हे कशाला, म्हटलं, माझं तर अकोल्याला आहे. माय म्हणाली, "ताट इथं राहिलं तं ताई जेवाले वापस येईन." तुझं ते स्टँडवरचं ओरडणं मायनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. तुझंही एक तिथं आहे. तू भिलाईला नेलंस ते दुसरं.

तू पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आहेस ते मी तीनदा वाचलं. सासूबाईंनी तुझं ताट कपाटावर ठेवलं, आणि तू दुसऱ्याच दिवशी ते उतरवून सांगितलंस, आमच्याकडे ताप आहे, मी तिथून आले. पहिल्याच आठवड्यात! मला तर दोन महिने कारलं खावं लागलं होतं.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याबाईंना आता दात राहिले नाहीत, पण त्या हसल्या तेव्हा मामंजी दुकानात जायचं सोडून आत आले. मायचं कार्डही कालच आलं, शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. शेवटी दर वेळचा प्रश्न आहेच, अकोल्यात ताप आहे का अजून? जेवणं झाली की मी तिला उत्तर टाकणार आहे. आहे, माय. भिलाईपर्यंत पोचला.