बैलआत्याची सायकलखरेदी

“झूल काढ रं आधी! झूल काढ, मंग भाव सांग!”

चौक गावच्या सायकलच्या दुकानात आत्या ओरडली, तेव्हा बाहेर जुन्या हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी आपोआप ब्रेक मारले. निदान मला तरी तसं ऐकू आलं. दुकानदार हातातला चहा अंगावर सांडून उभा. समोरच्या सायकलीवर ना झूल, ना गोंडे. आत्याचा रोख होता चकचकीत स्टिकरांवर, प्लॅस्टिकच्या वेष्टणावर आणि हँडलला बांधलेल्या लाल रिबिनीवर. पाठीवरची झूल बघून बैल घेणारा माणूस घरी झूलच घेऊन जातो, असं तिचं म्हणणं होतं. आणि बैलातलं आत्याला जेवढं कळायचं, तेवढं खुद्द बैलालाही कळत नसेल.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात तिला सगळे बैलआत्या म्हणत. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, ही थोरली बहीण. कुणाला बैल घ्यायचा झाला की माणसं आधी तिला रिक्षात घालून बाजारात न्यायची. ती बैलाची शेपूट नुसती पिळायची आणि आधीच्या मालकाचा स्वभाव सांगायची. एकदा तर म्हणे मालकाच्या बायकोचाही सांगितला, आणि तो सौदा भांडणात मोडला. पुढे गावोगाव ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले आणि आत्याची नजर बेकार बसली. तेवढ्यात मी सायकल घ्यायची ठरवली.

माझी नड मोठी होती. कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी एका कॅम्पला पाहुण्यांना डोंगरात सायकलवरून फिरवणारी मुलगी हवी होती. अट एकच, सायकल स्वतःची. रविवारी चाचणी. अण्णांनी बजावलं होतं, “जमलं तर जमलं, नाहीतर पनवेलला मामाच्या गोदामात पावत्या फाडायला बसायचं.” त्या गोदामाला खिडकीसुद्धा नव्हती. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत डोंगरातली सायकल एकच बसत होती, तीही स्वस्तातली. चुकली की गोदाम.

दुकानदारानं सगळ्यात देखणी पुढे काढली. पुढेमागे शॉकअप, रंग असा की बघून मोरानं पिसारा मिटावा. आत्यानं हँडलवर भार दिला. पुढचा भाग खाली बसला.

“पुढच्या पायानं खचतीय. लंगडी हाय.”

“मावशी, ते शॉकअप आहे. दगडाचा धक्का लागत नाही.”

“मागूनबी खचतीय. चढावर ही पुढं जाईल का जागेवर बसंल?”

मग तिनं खाली वाकून गिअरचे दात बघितले आणि माझ्याकडे वळून दुकानाबाहेर ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, “दात बघ किती. म्हातारी हाय ही.” दुकानदारानं कपाळाला हात लावला. मी छताकडे बघत राहिले.

दुसरी तिनं उचलूनच बघितली आणि “म्हशीच्या पोटची” म्हणून खाली ठेवली. तिसरीचं चाक गरगर फिरवून एक डोळा मिटून बघत बसली, जरा डुललं तशी तीही गेली. शेवटी कोपऱ्यातली एक राखाडी, धुळकट सायकल तिनं स्वतः ओढून काढली. साधी, मागे शॉकअप नाही, पुढे दातांची चकती एकच आणि तीही लहान. “ही जवान हाय,” आत्या म्हणाली. मला तिच्यावर बसवलं, मग मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं. “दोनी पाय भुईला टेकतात? टेकूदे नीट. धन्याचे पाय भुईला टेकले पायजेत, जनावर उधळलं तर.” दुकानदार एक मोठी साइज घ्या म्हणत होता. आत्यानं तोवर सायकल दाराकडे वळवली.

पैसे देताना तिनं आणखी एक बाँब टाकला. “रविवारी जुंपून बघू. कामाला आली तर ठेवू, नायतर परत आणू.”

“मावशी, सायकल परत घेत नाही कुणी!”

“औताला जुंपल्याबिगर मी बैलबी ठेवला नाय रं कधी.”

टेंपोला तिनं साफ नकार दिला. विकत घेतलेलं जनावर चालत घरी येतं, म्हणून आम्ही तिघी चालत घरी आलो. दारात आत्यानं दोन्ही चाकांवर पाणी ओतलं, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. इथवर ठीक होतं. पण शनिवारी संध्याकाळी मी शेजारी गेलेली असताना तिनं सायकलीची शिंगं, म्हणजे हँडल, खोबरेल चोळून लखलखीत केलं. आणि चाकांमधल्या ब्रेकच्या चकत्या कोरड्या दिसल्या म्हणून त्यांनाही मनापासून तेल पाजलं.

रविवारी चढावर ती राखाडी सायकल बकरीसारखी वर गेली. बाकीच्या पोरी आपापल्या मोरांना ढकलत होत्या. कोंडाण्याच्या माथ्यावरच्या माकडांनी टाळ्या वाजवल्या, असं मी अजून सांगते. मग उतार आला. मी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल गालात हसली आणि सुटली. खाली कॅम्पचे साहेब उभे, मागे भाताच्या पेंढ्यांची उडवी, त्यामागे ओढा. मला दुकानातली आत्या आठवली. सीटवरून पुढे सरकले, दोन्ही पाय भुईला लावले आणि बुटांच्या टाचा जाळत, अर्ध्या तालुक्याची धूळ उडवत साहेबांच्या बुटांपाशी थांबले.

“ब्रेक का नाही लावलास?”

“पाहुण्यांचे ब्रेक गेले तर काय करायचं, ते दाखवलं सर.”

सोमवारपासून कामावर ये, म्हणाले.

आता त्या कॅम्पवर मी बारक्या पोरींना सायकल निवडायला शिकवते, आणि मीही आधी झूल काढायला लावते. आत्या गेली, तिचा गोठाही गेला. तिनं आयुष्यभर कुणालाही तोंडावर चांगलं म्हटलं नाही. वाखाणलं की जनावर बिघडतं, अशी तिची धास्ती होती.

त्या रविवारी मात्र मी घराच्या वळणावरूनच बोंबलत आले. “आत्या! लागले गं कामाला! सगळ्यांच्या आधी चढले! आणि ब्रेकला तेल लावलंस ना गं तू, मेले असते मी!”

अण्णा ओट्यावर उठून उभे राहिले. आत्या बसल्या जागेवरून उठली, सायकलीभोवती एक फेरी मारली, चाकांची माती बघितली, माझ्या बुटांच्या झिजलेल्या टाचा बघितल्या. मग नांगरून आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवायची तसा माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अण्णांकडे बघून म्हणाली,

“ठेवू.”