डॉक्टर मैथिलींची उलटतपासणी

डॉक्टर मैथिलींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मरत होतो. निदान माझं तसं ठाम मत होतं. छातीत असा वणवा पेटला होता, की डोंबिवलीतले सगळे बंब आले असते तरी विझला नसता. बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत तेही सांगून झालं होतं. तेवढ्यात कॅज्युअल्टीत एक ठेंगणी, जाड भिंगांची बाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय खाल्लंत?"

"विशेष काही नाही."

"काका!"

त्या एका 'काका'सरशी मी मिसळ, वडे आणि वर चोरून खाल्लेली भजी, सगळं कबूल केलं. बाईंपुढे भलेभले असेच पोपटासारखे बोलायचे. त्यांचं निम्मं निदान त्या आवाजावर चालायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी पुन्हा तिथे मरायला गेलो. छातीला वायरी चिकटवून पडलो होतो, तोच शेजारच्या खाटेवर नीलला आणलं. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारा, सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, बेशुद्ध. सोबत त्याची आई हेमाताई आणि वडील त्र्यंबकराव.

बाईंनी त्याच्या पापण्या उघडल्या. "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद. आणि नाडी पळतेय, अंग तापलंय. एका वस्तूने असं होत नाही. काय काय घेतलंय यानं?"

"मित्राकडे वाढदिवस होता हो, जागरण झालं," हेमाताई म्हणाल्या.

"ताई!"

"डॉक्टर," त्र्यंबकराव म्हणाले, "आमच्या घरात सुपारीसुद्धा येत नाही."

बाईंनी नशा उतरवायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात नीलने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. हेमाताईंनी हात जोडले. त्र्यंबकराव रिक्षा बघायला निघाले.

"अहो, कुठे चाललात? हे इंजेक्शन लवकर उतरतं. पोटातलं उतरत नाही. श्वास परत बंद पडेल. शिवाय दुसरं काय आहे आत, ते मला अजून कळलेलं नाही. आयसीयूत ठेवा."

"रविवारी पाहुणे येणार आहेत, त्याच्या लग्नाचं बघायला. इथे चार दिवस राहिला तर बिल्डिंगमध्ये काय सांगू?" त्र्यंबकराव म्हणाले.

"डेंग्यू सांगा! मी सांगते डेंग्यू! नील, तू तरी बोल. काय घेतलंस? मी कुणाला ओरडणार नाही रे."

नील वडिलांकडे बघत राहिला. "काही नाही. ठीक आहे मी. चला, पप्पा."

'आमच्या जबाबदारीवर घरी नेतो' अशा कागदावर वडिलांनी सही केली, नीलनेही केली. बाईंना त्याला खाटेला बांधून ठेवता येत नव्हतं, आणि मी तर स्वतःच वायरींनी बांधलेला होतो. त्या रिक्षापर्यंत मागे धावल्या. "झोपू देऊ नका त्याला! घोरायला लागला तर ती झोप नाही, लगेच आणा!"

"थँक्यू हं, डॉक्टर," त्र्यंबकराव अदबीने म्हणाले.

दिवेलागणीला त्याला परत आणलं. "छान घोरत होता हो," हेमाताई सांगत होत्या, "म्हटलं, झोपू दे."

बाईंनी नाडी बघितली, चादर त्याच्या तोंडावर ओढली, आणि काही विचारलं नाही.

माझा कार्डिओग्राम नॉर्मल होता. अॅसिडिटीची गोळी देऊन मला घरी पाठवलं.