प्लग काढून दाखवला

मुरूडच्या रस्त्याला लागून असलेली आमच्या घराची पुढची खोली माझी. तिथे कॉम्प्युटरवर मी कोळीवाड्यातल्या लोकांचे फॉर्म भरून देते. होड्यांची कागदपत्रं, दाखले, पोरींचे कॉलेज प्रवेश. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुजं काम चालतंय तवर खोली तुजी." नवरा महिनोन्महिने जहाजावर, आणि धाकट्या दिराला ही गोष्ट पहिल्यापासून खुपत होती. काशीदला येणारे पर्यटक उतरवायला त्याला तीच खोली हवी होती.

मग एक दिवस कॉम्प्युटरनेच त्याची बाजू घेतली. जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले. नवी चढवायला गेले, तर स्क्रीनवर आलं की हे मशीन चालणार नाही. दीर मागेच उभा.

"संपलं बग वयनी. आता खोली मोकळी कर."

"भावजी, माझं तेरावं घालायची एवढी घाई नको," मी म्हटलं.

दुरुस्तीवाल्याने तर झाकणही न उघडता सांगितलं, "ताई, नवीन घ्या." अरे वा रे वा, नाडी न बघताच निदान! माझं डोकंच सणकलं. कॉम्प्युटरचा डबा उचलला, रिक्षात टाकला, घरी आणला.

फोनवर वाचत बसले. मशीन सुरू होताना एक बटण दाबत राहिलं की सिस्टिमच्याही आधीचा एक पडदा उघडतो, त्याला बायोस म्हणतात. नव्या सिस्टिमला लागणारी सुरक्षेची चिप मशीनमध्ये होती, पण बंद. सुरू होण्याची पद्धतही जुनीच लावलेली. मशीन धडधाकट होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं! डिस्क नव्या पद्धतीची करून घेतली, चिप चालू केली, सिक्युअर बूट नावाचा सुरू होतानाचा पहाराही चालू केला. चार वाजेपर्यंत नवी सिस्टिम चढली आणि मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी नेहमीसारखा प्लग काढला. विजेने एकदा आमचा टीव्ही जाळलाय, तेव्हापासून काहीही बंद केलं की प्लग उपटायचाच. सकाळी बघते तर काळा पडदा, डिस्क सापडत नाही म्हणे. बायोसमध्ये सगळं पुन्हा जुन्यासारखं. परत लावलं, चाललं. दुसऱ्या सकाळी तेच. दिराने ऐकवलंच, "बायकांनी यंत्रात बोटं घालायची न्हायत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसऱ्या सकाळी रागारागाने तो पडदा न्याहाळला आणि कोपऱ्यातली तारीख दिसली. कित्येक वर्षांपूर्वीची! हे घड्याळ वर्षभर रोज सकाळी चुकत होतं, आणि मी ते रोज मुकाट्याने दुरुस्त करत होते. हात्तिच्या! स्क्रू काढून डबा उघडला. आत रुपयाएवढा सेल, खाऱ्या हवेने हिरवा पडलेला. प्लग असेपर्यंत मशीनला बाहेरून वीज मिळायची, प्लग काढला की आठवण जपायचं काम या सेलचं, आणि तो मेलेला, म्हणून मी लावलेलं सगळं ते विसरायचं. माझ्याच सवयीने माझा घात चालवला होता. घड्याळवाल्याकडून तसलाच सेल आणला, त्याची जागा खोडरबराने घासली, बसवला, आणि सगळं पुन्हा लावलं.

तेवढ्यात दीर सुताराला घेऊन हजर, पलंगाचं माप घ्यायला. मी दोघांना म्हटलं, थांबा जरा. त्यांच्या डोळ्यांदेखत मशीन बंद केलं, प्लग खेचला आणि चहा टाकायला गेले. दोघांचा चहा संपल्यावर प्लग लावला, बटण दाबलं. काळा पडदा. मग नवी सिस्टिम उघडली, तारीखही आजची.

सुताराने टेप गुंडाळून खिशात घातली. दीर म्हणाला, "पन पावन्यांना निजवू कुटं?"

"तुमच्या खोलीत," मी म्हटलं. "आणि तुम्ही अंगणात निजा, भावजी. वारा छान लागतो तिथे."