आधी गोळ्या, मग चट्टे

धंतोलीतल्या एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पेशंटची माहिती साठवायची एक नवी पद्धत तिथल्या मॅनेजरला समजावून समजावून मी थकलो होतो. माझं म्हणणं साधं होतं. माणसाला तारखा आठवत नाहीत, पण कशानंतर काय झालं ते पक्कं आठवतं. तर तो क्रमच साठवू. तारीख कळली तर जोडू, आणि जिथं क्रमही ठाऊक नाही तिथं ठाऊक नाही असंच ठेवू. तो मान डोलवायचा आणि विचारायचा, मग तारीख कुठं टाकायची? पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

त्यातच नरखेडकडून माझी आत्या त्याच दवाखान्यात तब्येत दाखवायला आली; मी सोबत होतो. काउंटरवरच्या मुलीनं तारखा विचारल्या. आत्या म्हणाली, "आंबिया बहाराची संत्री तुटली, मंग ताप आला. गोळ्या घेतल्या, मंग अंगावर चट्टे उठले." तारखेशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना आणि मागे तर ही रांग. मुलीनं तिन्ही नोंदींना एक जानेवारी ठोकून दिली. तिचा तरी काय दोष?

तारीख एकच, म्हणून डॉक्टरांच्या स्क्रीनवर नोंदी वाटेल तशा उतरल्या. वर चट्टे, मग ताप, सगळ्यांत खाली गोळ्या. चट्टे आधीचेच असं धरून त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहिल्या. चट्टे गोळ्यांनंतर आले, असं मी म्हटलं तर त्यांनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. माझा आवाज चढला, बाहेरची माणसं दारातून डोकावू लागली. शेवटी त्यांनी आत्यालाच विचारलं आणि गोळ्या खोडल्या.

मी तसाच मॅनेजरकडे गेलो. आता तरी पटेल असं वाटलं होतं. फारच वाईट झालं असतं, असं म्हणून त्यानं तोडगा काढला: तारखा माहीत नसतील तर पेशंटचं नावच नोंदवायचं नाही. डोकं आपटावंसं वाटलं.

एसटी स्टँडपर्यंत मी तणतणत होतो. बस लागली तेव्हा आत्या पिशवी सावरत हळूच म्हणाली, "माह्यापायी तुले लोकाईत भांडा लागलं. पुढच्या खेपेले तारखा लिहून आणीन गा."